हरवलेले मैदान

सामना पाहावयास गेलेल्या माणसाचे लक्ष खेळाडूंकडे असते. कोणी किती धावा काढल्या, कोणाचा टोला किती दूर गेला, याची चर्चा घरी परतेपर्यंत चालते. परंतु ज्या मैदानावर हा खेळ रंगला, त्यावरचे खडे कोणी वेचले, खड्डे कोणी बुजवले, चुन्याच्या रेघा कोणी आखल्या, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते हात बहुधा सामना सुरू होण्यापूर्वीच निघून गेलेले असतात. अशाच हातांची ही एक सत्यकथा आहे. ती घडली आपल्यापासून फार दूर, स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात असलेल्या एका लहानशा बेटावर.

या बेटाचे नाव साउथ यूइस्ट. उत्तर-दक्षिण पसरलेले हे बेट सुमारे पस्तीस किलोमीटर लांब आहे. आणि त्यावर राहणाऱ्या माणसांची संख्या दोन हजारांहूनही कमी आहे. बेटाच्या पूर्वेस डोंगर आहेत, मध्यभागी असंख्य तळी आणि दलदल आहे, आणि पश्चिमेस मैलोगणती पसरलेली पांढरी पुळण आहे. येथे वृक्ष क्वचितच दिसतो. समुद्रावरून येणारा वारा इतका अनावर असतो, की झाडाने मान वर काढावी आणि वाऱ्याने ती वाकवावी, असाच नित्याचा प्रकार. हिवाळ्यात दिवस अगदी आखूड होतो. उलट जून महिन्यात रात्री दहा वाजून गेले, तरी आकाशात उजेड रेंगाळत असतो.

या पुळणीच्या मागे वाळूच्या उंचसखल टेकड्या आहेत, आणि टेकड्यांच्या मागे एक विस्तीर्ण गवताळ पट्टा आहे. त्याला तेथील गेलिक भाषेत 'माखर' म्हणतात. समुद्रातील शिंपल्यांचा चुरा होऊन त्याची जी वाळू बनते, ती वारा शतकानुशतके आत उडवून आणतो. या वाळूत चुन्याचा अंश भरपूर असतो. त्यामुळे एरवी आंबट आणि नापीक असलेली बेटाची भूमी या पट्ट्यात सुपीक झाली आहे. लोक किनाऱ्यावर वाहून आलेले समुद्रशेवाळ खत म्हणून शेतात पसरतात आणि ओट, राय, बटाटे अशी पिके काढतात. मग काही काळ ती भूमी पडीक ठेवतात. उन्हाळ्यात या माळावर इतकी रानफुले उमलतात, की जणू कोणी रंगीत गालिचाच अंथरला आहे. वाळूच्या टेकड्यांवर एक ताठ, करकरीत गवत उगवते. त्याची मुळे वाळूला घट्ट धरून ठेवतात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल अनेकांनी पाहिली असेल. ती जे काम तेथे करते, तेच काम येथे हे गवत करते. ते गेले की वाळू मोकळी होते. वाळू मोकळी झाली की समुद्र आत येतो. 2005 च्या जानेवारीत झालेल्या भयंकर वादळात या बेटावर मनुष्यहानीही झाली होती. म्हणून या टेकड्या म्हणजे तेथील माणसांच्या दृष्टीने केवळ शोभेची वस्तू नव्हे. ती त्यांची तटबंदी आहे.

येथील शेतकऱ्याला 'क्रॉफ्टर' असे म्हणतात. आपल्याकडील जुन्या शब्दात सांगायचे, तर तो कूळ होय. जमिनीचा एक लहानसा तुकडा तो खंडाने कसतो, आणि गावच्या सामाईक गायरानात त्याची मेंढरे व गुरे चरतात. हे गायरान नसेल, तर त्या तुकड्यावर त्याचे पोट भरणे कठीण. या कुळांच्या वाट्याला एके काळी फार दुःख आले होते. एकोणिसाव्या शतकात हे सबंध बेट एका धनाढ्य जमीनदाराने विकत घेतले. 1851 साली त्याने या भागातील हजाराहून अधिक माणसांना त्यांच्या घरांतून काढून जहाजांत घातले आणि कॅनडास धाडून दिले. अनेकांना जाण्याची इच्छा नव्हती. त्यांना बळजबरीने नेण्यात आले. पुढे 1886 साली ब्रिटिश संसदेने कायदा करून कुळांना संरक्षण दिले, आणि तेव्हापासून त्यांना असे मनमानीने बेदखल करता येईनासे झाले. तथापि मनाला झालेली जखम कायद्याने थोडीच भरून येते! आजोबांनी नातवाला सांगितलेल्या गोष्टींतून ती जिवंतच राहिली.

अशा या बेटावर 1891 साली एक वृद्ध पाहुणा आला. त्याचे नाव टॉम मॉरिस. त्याचा मुलगाही त्याच नावाचा नामांकित खेळाडू असल्यामुळे लोक बापाला 'थोरला टॉम' म्हणत. सेंट अँड्रूज या गावी 1821 साली जन्मलेल्या थोरल्या टॉमने गोल्फची 'ओपन' ही प्रसिद्ध स्पर्धा चार वेळा जिंकली होती. परंतु खेळाडू म्हणून त्याची जेवढी कीर्ती होती, तेवढीच मैदानांची निगा राखणारा आणि नवी मैदाने आखणारा म्हणूनही होती. त्या वेळी बेटाची मालकी ज्या बाईंकडे होती, त्यांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतले होते.

गोल्फ हा खेळ तसा साधा आहे. एक लहान, कठीण चेंडू काठीने टोलवीत न्यायचा आणि दूरवर असलेल्या एका खळगीत घालायचा. या खळगीची रुंदी केवळ 108 मिलिमीटर, म्हणजे आपल्या हाताच्या पंजाएवढी, असते. अशा अठरा खळग्या असतात. कमीत कमी टोल्यांत जो त्या पूर्ण करील, तो जिंकला. स्कॉटलंडमध्ये हा खेळ इतका जुना आहे, की तरुण धनुर्विद्या सोडून त्याच्याच नादी लागले म्हणून 1457 साली तेथील राजाला त्यावर बंदी घालावी लागली होती! पुढे जगभर त्याला श्रीमंतांचा खेळ म्हणून ओळख मिळाली. उंच कुंपणे आणि भारी वर्गण्या त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. परंतु त्याचा जन्म मात्र समुद्रकाठच्या अशाच मोकळ्या, वाळवट गायरानांवर झाला. मेंढरांनी कुरतडून आखूड केलेले गवत हीच तेव्हाची हिरवळ होती.

थोरला टॉम तेव्हा सत्तर वर्षांचा होता. पांढरी दाढी वाऱ्यावर उडत असलेला तो म्हातारा अस्करनिश या ठिकाणच्या टेकड्या चढला असेल, थबकला असेल, आणि समोरचा देखावा पाहून त्याचे डोळे चमकले असतील! निसर्गाने मैदान आधीच घडवून ठेवले होते. कोठे आरंभ करावा आणि कोठे खळगी खणावी, एवढेच त्याला ठरवावयाचे होते. त्याने अठरा खळग्यांचे मैदान आखून दिले आणि तो निघून गेला.

मैदान झाले खरे, परंतु ते कोणाचे? ज्या घराण्याने आपल्या आप्तांना जहाजांत घालून देशोधडीस लावले, त्याच घराण्याच्या पाहुण्यांचा हा खेळ, असे कित्येक कुळांना वाटले असल्यास नवल नाही. पुढे काळ पालटला. जमीनदारांची सद्दी संपत आली. टेकड्यांतील मैदानाकडे कोणी फिरकेनासे झाले. 1930 च्या दशकात मागच्या सपाट माळावर लहान विमाने उतरण्यासाठी धावपट्टी झाली. खेळ आक्रसत गेला. अठरांच्या बारा खळग्या झाल्या, बारांच्या नऊ उरल्या, आणि त्याही टेकड्यांत नव्हे, तर मागच्या सपाटीवर. थोरल्या टॉमने आखलेले मूळ मैदान गवताखाली आणि वाळूखाली दिसेनासे झाले. त्याचा नकाशाही कोठे उरला नाही. राहिली ती केवळ एक आठवण. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अधूनमधून डोकावणारी.

तरीही क्लब मात्र सर्वस्वी मेला नाही. मूठभर सभासद उरले होते. ते आळीपाळीने गवत कापीत, खळग्या साफ करीत आणि कोणी वाट चुकून आलाच, तर त्याच्याबरोबर खेळत. स्कॉटलंडच्या आडगावांतील लहान क्लबांत एक छान रीत आहे. दाराशी एक पेटी ठेवलेली असते. खेळावयास येणाऱ्याने आपले शुल्क आपणच त्या पेटीत टाकावयाचे. घेणारा कोणी नाही, मोजणारा कोणी नाही. माणसाच्या सचोटीवर सारा व्यवहार चालतो. मोठ्या शहरांतील ज्या क्लबांच्या दारी पहारेकरी उभे असतात, त्यांना ही श्रीमंती लाभलेली नाही.

2005 साल संपत आले असताना गोल्फची मैदाने राखण्याच्या कामातील एक जाणकार या बेटावर आला. थोरल्या टॉमचे मैदान येथे आहे, हे ऐकून त्याला मोठे नवल वाटले. परंतु त्याला जेव्हा ती सपाटीवरची नऊ खळग्यांची जागा दाखविण्यात आली, तेव्हा तो निराश झाला. ही सपाट जमीन त्या जगप्रसिद्ध कारागिराने निवडली असेल, हे त्याला पटेना. मग तो समुद्राच्या दिशेने चालत निघाला आणि टेकड्यांच्या माथ्यावर गेला. समोर वाळूच्या लाटांमागून लाटा उसळत गेल्या होत्या. त्यांच्यामधून हिरव्या दऱ्या वळणे घेत समुद्रापर्यंत पोचल्या होत्या. हेच ते मैदान, अशी त्याची खात्री पटली. जुन्या पोथीतील पुसट झालेली ओळ जाणत्या वाचकाने अर्थावरून लावावी, त्याप्रमाणे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भूमीची वळणे वाचून एकेक खळगीची जागा अजमावली. थोरल्या टॉमच्या मूळ खुणांशी ती तंतोतंत जुळते की नाही, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

जागा सापडली; परंतु क्लबाजवळ पैसा कोठे होता? एवढे मोठे मैदान उभारावयाचे, तर अन्यत्र कोट्यवधी रुपयांचा चुराडा होतो. यंत्रे येतात, डोंगर हलवतात, पाण्याचे नळ टाकतात. येथे यांतले काहीच झाले नाही. जाणकारांनी आपले ज्ञान मोबदल्याविना देऊ केले, आणि गावकऱ्यांनी आपले हात दिले. आपण ज्याला श्रमदान म्हणतो, तेच हे. टेकड्या जशा होत्या तशाच ठेवावयाच्या, त्यांना यंत्र लावावयाचे नाही, रासायनिक खते व औषधे वापरावयाची नाहीत, असे ठरले. जे गवत तेथे पिढ्यान्पिढ्या उगवत आले, तेच कापून कापून त्याची हिरवळ करावयाची. वाऱ्याने उडविलेली वाळू सारखी करावयाची आणि सशांनी उकरलेली बिळे एकेक करून बुजवावयाची. आज बुजविलेले बीळ उद्या सकाळी पुन्हा उकरलेले दिसे! ससे काही क्लबाचे सभासद नव्हते, आणि त्यांच्या लेखी माणसांच्या ठरावांना काडीची किंमत नव्हती. परंतु दिवसभराचे आपले काम आटोपून माणसे पुन्हा येत आणि उन्हाळ्याच्या त्या लांबलेल्या संध्याकाळी वाऱ्याकडे पाठ करून पुन्हा कामास लागत.

ही माणसे एवढे कष्ट कशासाठी घेत होती? त्यांतील काहींना खेळाची गोडी होती, हे तर खरेच. परंतु त्याहून मोठे कारण वेगळे होते. बेट रिकामे होत चालले होते. शाळा संपवून मुले मुख्य भूमीवर शिक्षणासाठी जात, नोकरी धरीत आणि मग सणासुदीपुरती परत येत. मैदान पुन्हा उभे राहिले, तर दूरदूरचे पाहुणे येतील, चार घरांत चूल पेटेल, गावातील एखाद्या मुलाला गावातच काम मिळेल, अशी त्यांना आशा होती.

याच सुमारास बेटावर एक ऐतिहासिक घटना घडली. 30 नोव्हेंबर 2006 रोजी साउथ यूइस्ट आणि शेजारच्या बेटांवरील सुमारे 93,000 एकर जमीन तेथील रहिवाशांच्या सामुदायिक संस्थेने विकत घेतली. या संस्थेचे नाव 'स्टोरस इव्हिश्त', म्हणजे यूइस्टची संपत्ती. जमीन घेण्यासाठी सुमारे 45 लाख पौंड उभे करावे लागले. ज्यांचे पूर्वज आपल्याच घरांतून हाकलले गेले होते, त्यांची नातवंडे-पणतवंडे त्या दिवशी त्या भूमीची मालक झाली. अस्करनिशचे मैदानही त्या भूमीचाच एक भाग होते.

येथे गोष्ट सुखाने संपावयास हरकत नव्हती. परंतु खरा पेच येथूनच सुरू झाला. काही कुळांनी या मैदानास विरोध केला. हे आमचे गायरान आहे, येथे आमची मेंढरे चरतात, खेळासाठी ते अडविले गेले तर आम्ही जावे कोठे, असा त्यांचा प्रश्न होता. वरवर पाहणाऱ्याला हा हट्ट वाटेल. जमीन आता सर्वांचीच झाली, मैदानही गावाच्याच भल्यासाठी, मग अडविण्याचे कारण काय? परंतु ज्यांच्या घरात बेदखल झालेल्या आजोबा-पणजोबांच्या कथा आजही सांगितल्या जातात, त्यांना 'तुमच्या भल्यासाठी' हे शब्द ऐकून धास्ती वाटली, तर त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्या मुलुखात माणसांना जहाजांत घातले गेले, तेही त्यांच्या भल्याचेच नाव सांगून!

वाद भूमी-न्यायालयापर्यंत गेला. एका लहान गावातील वाद शहरातील वादासारखा नसतो. शहरात भांडलेली माणसे पुन्हा एकमेकांना न भेटताही राहू शकतात. गावात मात्र ती रोज दुकानात भेटतात, प्रार्थनामंदिरात शेजारी बसतात, आणि एकाच्या घरी मृत्यू झाला तर दुसऱ्याला खांदा द्यावाच लागतो. म्हणून न्यायालयाने काहीही सांगितले, तरी एकमेकांसह राहण्याचा मार्ग अखेर गावालाच शोधावा लागतो. खेळ सुरू राहिला आणि चराईही सुरू राहिली. हिवाळ्यात त्याच मैदानावर मेंढरे आणि गुरे हिंडतात, गवत खातात, आपल्या शेणाने भूमीला खत देतात. उन्हाळ्यात खेळाडू येतात. शेकडो वर्षांपूर्वी हा खेळ जसा गायरानात जन्मला होता, तसाच तो येथे पुन्हा गायरानात येऊन राहिला आहे. मैदानावर जनावरांचे खूर उमटलेले दिसले, म्हणून येथे कोणी नाक मुरडीत नाही. मुरडणाऱ्याने अन्यत्र जावे!

ऑगस्ट 2008 मध्ये हे मैदान पुन्हा खेळासाठी खुले झाले. तेव्हापासून जगाच्या कानाकोपऱ्यांतून खेळाडू तेथे येत आहेत. विमानाने किंवा बोटीने, वारापाऊस सोशीत, ते या टोकाच्या बेटावर पोचतात. काही जण दूरदेशी राहूनही या लहानशा क्लबाचे सभासद झाले आहेत. त्यांना तेथे संगमरवरी इमारत दिसत नाही, की गणवेशातले नोकर दिसत नाहीत. दिसतो तो समुद्र, वाळूच्या टेकड्या, आकाशात उंच गेलेल्या चंडोलाचे गाणे, आणि शेताची कामे उरकून आलेली, पायांत चिखलाचे बूट घातलेली साधी माणसे.

अर्थात या मैदानाचे काम कधीच पूर्ण होणार नाही. वारा दरवर्षी वाळू उडवितो, समुद्र दरवर्षी किनारा थोडा थोडा कुरतडतो, ससे बिळे खणतात, आणि गवत तर एका आठवड्यात वाढते. आज ज्यांचे हात राबत आहेत, ते उद्या थकतील; मग कोणा तरी तरुणाला त्यांच्या हातची फावडी उचलावी लागतील. तो येईल की नाही, हे आज सांगता येत नाही. मैदान 1891 साली एकदा आखले गेले आणि पुढे हरवले, ते वाळूमुळे हरवले असे आपण म्हणतो. परंतु वाळू तर तेथे सदैवच होती. माणसांना ते आपले वाटत नव्हते, म्हणून ते हरवले. जमीनदाराने दिलेले मैदान टिकले नाही. गावाने आपल्या हातांनी बुजविलेल्या बिळांचे आणि भांडून-समजून वाटून घेतलेल्या गवताचे मैदान मात्र आज उभे आहे.

आपल्या गावातही असे काही ना काही असतेच. कोठे शाळेचे पटांगण असते, कोठे तालीम, कोठे वाचनालय, कोठे नदीचा घाट. तेथे संध्याकाळी खेळणारे, वाचणारे, बसणारे अनेक असतात. कधी जरा लवकर जाऊन पाहिले, तर हाती खराटा घेतलेला एखादा माणूस तेथे दिसेल. त्याला कोणी नेमलेले नसते आणि त्याचे नाव कोठल्याही पाटीवर नसते. त्याच्याशेजारी दुसरा खराटा बहुधा भिंतीला टेकलेलाच असतो.